पुढचं चाक थरथरतंय? कोनसेट आवळण्याआधी हे तपासा

माझ्या पहिल्या मोटरसायकलचं हँडल साठच्या वेगाला थरथरायचं. गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने पुढचा ब्रेक दाबून गाडी दोनदा पुढे-मागे केली, "कोनसेट लूज झालाय" म्हणाला आणि पाच मिनिटांत आवळून दिला. (कोनसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीतली, हँडल ज्यावर फिरतं ती वरची-खालची बेअरिंग.) थरथर गेली. पंधरा दिवसांनी परत आली. परत आवळला. तिसऱ्या खेपेनंतर गाडी हळू चालवताना झोकांड्या खायला लागली, आणि तेव्हा कुठे मी खाली बसून पुढच्या टायरवरून हात फिरवला. नक्षीचे ठोकळे एका अंगाने झिजून करवतीसारखे झाले होते. नवा टायर टाकला, थरथर कायमची गेली. पण तोवर आवळून आवळून कोनसेटच्या वाट्यांमध्ये गोळ्यांचे खड्डे पडले होते. तो खर्च वेगळा.

ज्यांनी स्वतःच्या गाडीचं चाक अजून कधी काढलेलं नाही, त्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. दुरुस्ती तुम्हीच करायला हवी असं नाही. पण दोष कुठे आहे हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि ते ओळखून गॅरेजमध्ये गेलं की "बघा हो काय झालंय ते" असं म्हणावं लागत नाही.

मुळात हँडल थरथरतं का

सामान वाहायच्या ट्रॉलीचं एखादं चाक धावताना फडफडतं, ते आठवा. मोटरसायकलचं पुढचं चाक त्याच जातीचं आहे. स्टिअरिंगचा आस ज्या रेषेत तिरका उतरतो ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांमध्ये ते साधारण ९० ते ११० मिलिमीटर असतं. चाक आसाच्या मागे ओढलं जात असल्यामुळे ते आपोआप सरळ व्हायला बघतं. गाडी सरळ चालते ती यामुळेच. पण सरळ होताना ते किंचित पलीकडे जातं, मग परत अलीकडे येतं. झोका जसा मध्यावर आल्या आल्या थांबत नाही, तसंच. एरवी हा झोका एका क्षणात मरतो, कारण टायरचं रबर, कोनसेटमधलं थोडंसं घर्षण आणि तुमचे हात तो शोषून घेतात.

आता आकडे बघा, कारण साठच्या आसपासचं गूढ त्यात आहे. पुढच्या भागाच्या या डाव्या-उजव्या झोक्याचा स्वतःचा एक ठेका असतो, साधारण सेकंदाला ६ ते १० वेळा. १७ इंची रिमवरच्या सर्वसाधारण पुढच्या टायरचा परीघ १.८५ ते १.९ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणजे त्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे मारतं. चाकात कुठे वजन जास्त असेल, टायर एका जागी उंच असेल, रिम आउट (वाकडी फिरणारी) असेल, तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो. धक्क्यांचा ठेका आणि झोक्याचा ठेका जुळला की हँडल नाचायला लागतं. वेग ८०-९० वर नेला की ठेका सुटतो आणि हँडल पुन्हा शांत होतं. "पन्नास ते सत्तरमध्येच होतं, पुढे काही नाही" ही तक्रार इतक्या वेगवेगळ्या गाड्यांवर ऐकू येते ती म्हणून.

याच हिशोबात कोनसेटच्या गैरसमजाचं उत्तर आहे. कोनसेट आवळला की घर्षण वाढतं, झोका दाबला जातो, हँडल गप्प बसतं. धक्का देणारा दोष मात्र चाकात तसाच असतो. म्हणून आवळल्यावर थरथर गेली याचा अर्थ दोष सापडला असा होत नाही.

आधी तक्रार नीट पकडा

पाना हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. कोणत्या वेगाला होतं? वेग वाढवताना, एकसारखा धरल्यावर, की ॲक्सिलरेटर सोडून गाडी मंदावताना? फक्त ब्रेक दाबल्यावर? सरळ रस्त्यावर की वळणात? एकटे असताना की मागे माणूस किंवा सामान असताना? आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न: हे सुरू होण्याआधी गाडीत काय बदललं होतं? नवा टायर, पंक्चर, चेन ताणली, मागे पेटी बसवली, हँडल बदललं, गाडी पडली. पंक्चर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी थरथर सुरू झाली असेल तर बाकीचं सगळं वाचायची गरज नाही, चाक कसं बसवलंय ते आधी बघा.

थरथर आणि इंजिनचा कंप यांत गल्लत होते. इंजिनचा कंप हाताला मुंग्या आणतो, तो बारीक आणि जलद असतो आणि आरपीएमबरोबर बदलतो. त्याच वेगाला एक गियर वर टाकून बघा. जाणीव बदलली तर चाकाच्या मागे लागू नका.

ब्रेक दाबल्यावरच लिव्हरमध्ये धडधड जाणवते आणि गाडी मंदावत जाईल तशी धडधडही मंदावते, हे डिस्कचं लक्षण. डिस्क वाकडी आहे किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पण ब्रेक दाबल्यावर हँडल डावं-उजवं हलत असेल किंवा खालून 'टक्' असा एक ठोका येत असेल तर कोनसेट किंवा फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांचे) बुश, म्हणजे आतल्या कड्या, ढिले असण्याची शक्यता जास्त.

अगदी हळू, माणसाच्या चालीच्या वेगाला गाडी सरळ जातच नाही, सतत दुरुस्त करावी लागते: कोनसेट जास्त घट्ट, नाहीतर त्यात मध्यावर खाच पडलेली. टायरमध्ये हवा खूपच कमी असली तरी असंच वाटतं.

आणि एक प्रकार असा आहे की जो पुढे जाणवतो पण असतो मागचा. वेग चांगलाच वाढल्यावर अख्खी गाडी सापासारखी सळसळते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे, हँडल फारसं नाचत नाही पण खालून गाडी वाहतेय असं वाटतं. याला वीव्ह म्हणतात. याचा शोध मागचा टायर, मागचे शॉकअप, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि मागे लादलेलं ओझं इथे घ्यायचा. नवीन माणसं हा आणि हँडलचा वॉबल (म्हणजे थरथर) एकच समजतात आणि चुकीच्या टोकाला काम करत बसतात.

थरथर तपासण्यासाठी दोन्ही हात सोडून गाडी चालवणारे मी पाहिले आहेत. करू नका. हात पूर्ण सुटल्यावर मंदावताना किंचित डोकं हलवणाऱ्या गाड्या ठणठणीत असूनही बऱ्याच असतात, म्हणजे या चाचणीतून खात्रीचं काही कळतही नाही. आणि दोष खरोखर मोठा असेल तर हँडल परत पकडायला वेळ मिळेलच असं नाही. मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर दोन्ही हात हँडलवर ठेवून पकड फक्त सैल करा. बोटं गुंडाळलेली, दाब नाही. एवढ्यावर सगळं कळतं.

तपासताना किंवा एरवीही हँडल जोरात झोडपायला लागलं तर दांडगाई करून ते थांबवायला जाऊ नका. ताठ हात झोक्यात भर घालतात. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा, अंग थोडं पुढे आणि खाली झुकवा, पकड सैल पण हात सोडायचे नाहीत, आणि ॲक्सिलरेटर हळूहळू बंद करत वेग उतरू द्या. पुढचा ब्रेक कचकन दाबणं ही त्या क्षणी सगळ्यात वाईट गोष्ट.

हवा आणि टायर: निम्म्या केसेस इथेच संपतात

हवा टायर थंड असताना मोजायची. गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून पंपावर मोजलेला आकडा वर चढलेला असतो. किती भरायची ते चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या पट्टीवर आणि पुस्तिकेत असतं. टायरच्या बाजूला छापलेला आकडा हा टायर जास्तीत जास्त किती सहन करेल त्याचा असतो, तुमच्या गाडीला किती हवा हवी त्याचा नव्हे. स्वतःचा छोटा गेज घ्या. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत हा माझा कायमचा अनुभव आहे.

मग टायर बघण्याआधी हाताने वाचा. गाडी मेन स्टँडवर, मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, पुढचं चाक अधांतरी. तळवा नक्षीवर हलका ठेवून चाक पुढे फिरवा, मग उलटं. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागत असेल तर ठोकळे एका अंगाने झिजले आहेत. ठरावीक अंतराने खोलगट वाट्या लागत असतील तर तेही तेच दुखणं पुढच्या पायरीचं. हवा कमी ठेवून चालवणं, पुढच्या ब्रेकचा जोरदार वापर आणि थकलेले शॉकअप ही याची नेहमीची कारणं. असा टायर बॅलन्स करून सुधारत नाही. बदलावाच लागतो. आणि बदलल्यावर हवा किंवा शॉकअप तसेच ठेवले तर नवा टायरही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो.

नक्षीच्या खोबणीत मधूनमधून आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं. पण नक्षी भरपूर असूनही टायर म्हातारा असू शकतो. बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे शोधा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षी किती उरली याला अर्थ नाही.

आता बाजूने बघा. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उठावदार रेघ चाकाभोवती फिरते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे ती रिमखाली दडली असेल तर टायर त्या जागी नीट बसलेलाच नाही. पंक्चर काढल्यानंतर सुरू होणाऱ्या थरथरीचं हे पहिल्या नंबरचं कारण. हवा सोडायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि पुन्हा भरून बसवायचा. बाजूवरचा दिशेचा बाणही बघून घ्या. टायर उलटा बसवलेला असणं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं.

चाक फिरवा, मग हलवा

चाक अधांतरीच आहे. फोर्कला एक झाडूची काडी किंवा केबल-टाय असा बांधा की त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर दूर राहील. चाक हळू फिरवा. टोक आणि रिम यांच्यातली फट कमी-जास्त होते का? एकदा बाजूने बघा, एकदा वरून, कारण रिम आडवी लहरू शकते आणि वर-खालीही उडू शकते. किती चालतं ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. स्पोकच्या चाकांना बऱ्याच मॅन्युअलमध्ये २ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा दिसते, अलॉयला बऱ्याचदा त्याहून कमी. डोळ्याला ठळक दिसतंय म्हणजे जास्तच आहे असं धरा. रिम नीट फिरते पण टायर उड्या मारतो, तर टायर बसवण्यात चूक आहे किंवा टायरच आतून फुगलाय. फुगलेला असेल तर त्या टायरवर गाडी चालवू नका.

स्पोकचं चाक असेल तर एका छोट्या पान्याने एकेक स्पोक वाजवत जा. ताणलेला किणकिणतो, ढिला 'ठप्प' बोलतो. एखाद-दुसरा ढिला असेल तर फार काही नाही, पण सलग तीन-चार ढिले असतील तर चाकाचा आउट काढायला द्या. स्वतः स्पोक आवळू नका. एक आवळला की रिम तिकडे ओढली जाते, मग समोरचा आवळावा लागतो, आणि अर्ध्या तासात चाकाचा पापड होतो. मी केलेला आहे.

बेअरिंग: टायर वर आणि खाली असा दोन हातांनी धरा आणि एक हात ढकला, एक ओढा. मग चाक पाव फेरा फिरवून परत. चाक एक्सलवर (चाकाच्या मधल्या दांड्यावर) डुगडुगतंय असं वाटलं तर चाकाचं बेअरिंग गेलं. इथे एक खबरदारी हवी, कारण हा खेळ कोनसेटचाही असू शकतो. मदतनीसाला फोर्कची खालची टोकं गच्च धरायला सांगा. फोर्क हलत नाही आणि चाक हलतंय, तर बेअरिंग. एक हात फोर्कवर ठेवून चाक जोरात फिरवलं तर खराब बेअरिंगची घरघर बोटांना कळते, कानाला ऐकू येत नसली तरी.

एक्सल आणि त्याला फोर्कमध्ये पकडणारे क्लॅम्पबोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरवून दिलेल्या जोराला) आवळलेले आहेत का ते बघा. चाक नुकतंच काढलेलं असेल तर दोन गोष्टी विचारायच्या. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत दोन बेअरिंगच्या मधली नळी परत बसवली का? ती राहिली तर एक्सल आवळताना बेअरिंग बाजूने दाबली जातात आणि लवकरच मरतात. दुसरं, क्लॅम्पबोल्ट आवळण्याआधी पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खाली-वर केला का? तसं न करता आवळलं तर फोर्कचे दोन पाय एकमेकांशी समांतर बसत नाहीत, थोडे ताणलेले राहतात.

राहिलं बॅलन्सिंग. यंत्रावर करून घेणं सोपं, पण घरीही जमतं. चाक काढा, एक्सल दोन समान उंचीच्या टेकूंवर आडवा ठेवा, चाक मोकळं फिरू द्या. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड. तिच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, चिकटवायचं वजन लावा. ५ ग्रॅमच्या तुकड्यांनी सुरुवात करा. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं की झालं. चाक गाडीवरच ठेवून हे करायला जाऊ नका. ब्रेकचे पॅड किंचित घासत असतात आणि चाक खोटं सांगतं. जुनं वजन गळून पडलंय का, हे रिमवर गोंदाचा चौकोनी डाग शोधून कळतं. अख्ख्या तपासणीत यापेक्षा स्वस्त शोध नाही.

आता कोनसेट

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा ठोका आणि डुगडुग ही लक्षणं आधीपासूनच होती, तरच इकडे या.

पुढचं चाक खरोखर लटकत असलं पाहिजे. मेन स्टँडवर गाडी लावून मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा, किंवा इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅक लावा. फोर्कखाली टेकू देऊन पुढचं उचललंत तर वजन कोनसेटवरच येतं आणि ही तपासणी निरर्थक होते.

समोर जमिनीवर बसा. फोर्कचे दोन्ही पाय खाली, एक्सलजवळ धरा आणि सरळ स्वतःकडे ओढा, मागे ढकला. हिसका नको, ठाम दाब. 'टक्' जाणवलं तर खेळ आहे. कुठे आहे ते ठरवायला दुसऱ्या माणसाचं बोट खालच्या टी (फोर्कचे दोन पाय जोडणारा तुकडा) आणि फ्रेमच्या नळीच्या सांध्यावर ठेवा. हालचाल तिथे लागली तर कोनसेट. तिथे काही नाही पण फोर्कची बाहेरची नळी आतल्या पाईपवर हलतेय, तर फोर्कचे बुश झिजलेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे करायची गॅरेजवाली पद्धत वाईट नाही, पण त्यात कॅलिपरमध्ये (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागात) पॅड सरकल्याचा ठोकाही मिसळतो, आणि नवख्याला तो वेगळा काढता येत नाही. मुळात माझी गाडी तिथेच फसली.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी, अगदी सावकाश फिरवा. आणि बरोबर मध्यावर, म्हणजे सरळ स्थितीत, लक्ष ठेवा. तिथे ते बारीकशा खाचेत बसल्यासारखं थांबतं का? गाडीचं सगळं आयुष्य सरळ जाण्यात जातं, त्यामुळे खड्ड्यांचे हादरे गोळ्यांना वाट्यांच्या त्याच जागी मारत राहतात आणि तिथे खोलगट ठसे उमटतात. खाच असेल तर आवळणं-ढिलं करणं दोन्ही निरुपयोगी. कोनसेट बदलायचा, वरचा आणि खालचा दोन्ही. जास्त मार खालचा खातो, पण एकच बदलून पैसे वाचत नाहीत, कारण दुसऱ्यासाठी थोड्याच दिवसांत तेवढीच खोलाखोल परत करावी लागते.

खाच नाही आणि खेळही नाही, तर घट्टपणा बघा. हँडल मध्यावर ठेवून एका बाजूला बोटाने हलकीशी टिचकी द्या. पुढचा भाग आपल्या वजनाने त्या बाजूला टोकापर्यंत निवांत पडायला हवा, आणि दुसऱ्या बाजूलाही तसाच. मध्येच अडकला तर घट्ट आहे. अडकणं एकाच बाजूला होत असेल तर क्लचची केबल किंवा वायरिंग ताणलं जातंय का ते आधी बघा.

ॲडजस्ट करायचा झाला तर वरच्या टी-चा मधला मोठा नट आणि फोर्कचे वरचे क्लॅम्पबोल्ट ढिले करून, खालचा खाचांचा नट सी-पान्याने एका वेळी फक्त फेऱ्याचा आठवा भाग फिरवायचा. मग वरचा नट टॉर्कला आवळून परत तपासायचं, कारण वरचा आवळला की खालचं मोजमाप बदलतं. तीन-चार वेळा मागे-पुढे करावंच लागतं. पहिल्याच फटक्यात जमलं असं कोणी सांगितलं तर त्याने परत तपासलेलं नाही. आणि जुन्या पद्धतीचा सुट्या गोळ्यांचा कोनसेट असेल तर तो उघडण्याआधी खाली मोठं फडकं पसरा. गोळ्या घरंगळतात, आणि एक कमी पडली तरी बसवून चालत नाही.

फोर्क वाकलाय की नुसता पिळलाय

गाडी पडल्यानंतर हँडल वाकडं आणि चाक सरळ, किंवा उलटं, असं दिसलं की लोक घाबरतात. बऱ्याचदा काही वाकलेलं नसतं. फोर्कचे पाय टी-च्या पकडीत फक्त पिळले जातात. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल उलट्या बाजूला ओढायचा जो उपाय सगळे करतात तो रस्त्यावर घरी पोचण्यापुरता ठीक. नीट करायचं तर एक्सलचे, मडगार्डचे आणि खालच्या टी-चे बोल्ट ढिले करून फोर्क चार वेळा दाबायचा, पाय आपोआप समांतर होतात, मग खालून वर टॉर्कला आवळत जायचं. एवढं करूनही गाडी एका अंगाला ओढत असेल तर फोर्कचे पाईप बाहेर काढून सपाट पृष्ठभागावर लोळवून बघायचे. वाकलेला पाईप उचकी घेत फिरतो.

फोर्कच्या सीलमधून तेल गळतंय का तेवढं बघून घ्या. पाईपवर तेलाचं कडं दिसलं तर वेळ काढू नका. तेल खाली डिस्कवर उतरलं तर थरथरीपेक्षा मोठं संकट आहे. दोन्ही पायांतलं तेल समान असावं लागतं, म्हणून एकाच बाजूचं सील बदललं तरी तेल दोन्हीकडचं बदलतात.

मागे वळून बघा

पुढे सगळं ठीक निघालं तर मागे जा. मेन स्टँडवर मागचं चाक उचला, स्विंगआर्मला (गॅरेजमध्ये त्याला चिमटा म्हणतात) एक्सलजवळ धरून आडवं ढकला. चाक धरायचं नाही, चिमटाच धरायचा, नाहीतर मागच्या बेअरिंगचा खेळ त्यात मिसळतो. आडवा खेळ लागला तर बुश गेले.

चेन ताणल्यानंतर गाडी विचित्र वागायला लागली असेल तर मागचं चाक तिरकं बसलंय. ॲडजस्टरवरच्या खुणांवर मी फार विश्वास ठेवत नाही. चिमट्याच्या पिव्होटबोल्टच्या (चिमटा ज्यावर वर-खाली होतो त्या बोल्टच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा, सारखं हवं. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का हे बघायला लांब दोरी पुरते: मागच्या टायरच्या मागून घालून दोन्ही टोकं पुढे आणा, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल अशी ताणा. पुढचा टायर बहुतेक गाड्यांत मागच्यापेक्षा अरुंद असतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून सारखी फट दिसायला हवी. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक दिसला म्हणून फ्रेम वाकली असा निष्कर्ष काढू नका. काही गाड्यांमध्ये चाकं कारखान्यातूनच थोडी सरकवलेली असतात.

आणि ओझं. मागच्या एक्सलच्याही मागे लटकणारी भरलेली पेटी पुढच्या चाकावरचं वजन कमी करते. हलकं पडलेलं पुढचं चाक लवकर नाचतं. पेटी काढून एक फेरी मारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी पाहिलेल्या दोन गाड्यांत दोष एवढाच निघाला. हँडलवर बसवलेली मोठी काचही वारा थेट हँडलमध्ये उतरवते, तीही काढून बघा.

एका वेळी एकच

या सगळ्यात नवख्यांकडून होणारी चूक अशी की रविवारी सकाळी बसून हवा भरली, टायर बदलला, कोनसेट आवळला, चेन ताणली आणि संध्याकाळी थरथर गेली. कशाने गेली? माहीत नाही. चार महिन्यांनी परत आली की परत शून्यापासून सुरुवात. एक बदल करा, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच हवेच्या दाबाने फेरी मारा, कागदावर एक ओळ लिहा, मग पुढचा. अपवाद फक्त ढिल्या गोष्टींचा: ढिला एक्सल, खेळ असलेलं बेअरिंग, फुगलेला टायर दिसला तर चाचणीची फेरी मारायचीच नाही, आधी तो दुरुस्त करायचा.

हँडलला स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचा झोका दाबणारा छोटा शॉकअप) लावून घ्या असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. डॅम्पर वॉबल दाबतो हे खरं, पण चांगल्या अवस्थेतल्या साध्या गाडीला त्याची गरज नसते, आणि जास्त कडक लावला तर वेगातली ती सळसळ उलट वाढू शकते. कोनसेट आवळण्यासारखंच आहे ते, फक्त महाग.

नवा कोनसेट टाकला असेल तर वाट्या फ्रेममध्ये पूर्ण बसायला थोडा वेळ लागतो, आणि पाचशे-एक किलोमीटरनंतर किंचित खेळ परत दिसू शकतो. तेव्हा फोर्क ओढून बघायची तपासणी एकदा पुन्हा करा, आणि त्यावेळी मागच्या सीटवर बसवायला कोणाला तरी आधीच सांगून ठेवा.